माझ्यासमोर तर चालत होतं!

गेले तीन-चार शनिवार काही लिहिलं नाही. कारण कामाचं नव्हतं, लाजेचं होतं. आज लिहूनच टाकतो.

आपल्या धंद्यात एक वाक्य रोज कुठे ना कुठे ऐकू येतं. "माझ्या मशीनवर तर चालतंय." टेस्टरने बग टाकला की डेव्हलपर हे वाक्य फेकतो, आणि मग दोघंही चहाला जातात. या वाक्यावर चिकार विनोद झालेत, मीही केलेत. पण याचा एक धाकटा भाऊ आहे, तो जास्त डांबिस आहे. मशीन तेच, युजर तोच, फाईल तीच, तरी एडिटरमधून चालवलं तर चालतं आणि एडिटर बंद करून चालवलं तर नाही. म्हणजे "माझ्या मशीनवर" म्हणायचीही सोय उरत नाही. उरतं फक्त "माझ्यासमोर तर चालत होतं!"

हे वाक्य मी या ऑगस्टमध्ये रेवदंड्याला, माझ्या मावसभावाच्या ऑफिसात, किमान पाच वेळा म्हटलं. त्यातल्या एका वेळी ते खरं असूनही एका माणसावर अन्याय करणारं होतं. पण सुरुवातीपासून सांगतो.

दादाचा बर्फाचा धंदा आहे. होड्यांना लाद्या पुरवायच्या आणि त्याचा उधारीचा हिशेब ठेवायचा. नाखवा रोज पैसे देत नाही. मासळी विकली की देतो, कधी आठवड्याने, कधी महिन्याने. त्यामुळे कुठल्या होडीने कुठल्या दिवशी किती बर्फ नेला ही नोंद म्हणजे या धंद्याचा जीव. दिवसभराच्या पावत्या एका ताई आधी एक्सेलमध्ये भरतात आणि मग संध्याकाळी त्याच नोंदी हिशेबाच्या पॅकेजमध्ये पुन्हा टाईप करतात. पॅकेज जुनं आहे. एक्सेल फाईल उचलायची सोय त्यात नाही, आणि ज्याने ते बसवून दिलं तो आता फोन उचलत नाही. सीझनला रोज सव्वाशे-दीडशे नोंदी. ताईंची शेवटची एस.टी. कधी मिळायची, कधी नाही.

आता हे बघून कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याचे हात शिवशिवणारच. जुलैत एका शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरलो, तिथून रेवदंडा. लॅपटॉप नेला होता पण हुशारी केली. म्हटलं, माझ्या लॅपटॉपवर बनवून इथे चाललं नाही म्हणजे? त्यापेक्षा ऑफिसातल्याच पीसीवर बसून लिहू. पायथन टाकलं, पायऑटोगुई ही लायब्ररी टाकली आणि बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. स्क्रीन ऑटोमेशन म्हणजे प्रोग्रॅमने माणसासारखं पीसी वापरणं. बटणाचं छोटं चित्र जपून ठेवायचं, स्क्रीनवर ते शोधायचं, सापडलं की तिथे क्लिक करायचं, मग टाईप करायचं. कल्पना जुनीच आहे. ऑटोइट हे विंडोजसाठीचं अशाच कामाचं टूल १९९९ पासून आहे. चित्र शोधून क्लिक करण्याचा प्रकार लोकप्रिय केला तो २००९ च्या सुमारास एमआयटीत तयार झालेल्या सिकुलीने. (सिकुली हा मेक्सिकोतल्या विचोल लोकांच्या भाषेतला शब्द, अर्थ 'देवाचा डोळा'. नाव ठेवणाऱ्यांना मानलं.) पॅकेजने मागच्या दाराने आत येऊ दिलं नाही तर पुढच्या दाराने, गिऱ्हाईक बनून जायचं, एवढंच.

रविवारी दुपारपर्यंत स्क्रिप्ट तयार. एडिटरमधलं हिरवं बटण दाबलं आणि स्क्रीनवर माऊस आपोआप फिरायला लागला. वीस नोंदी सटासट आत. दादा म्हणाला, "आयला, भूत बसलंय रे पीसीत." ताई हसल्या, पण जरा बेतानेच. मी टास्क शेड्युलरमध्ये रात्री नऊची वेळ लावली, पापलेट खाल्लं, आणि हवेत तरंगत मुंबईला आलो.

सोमवारी सकाळी दादाचा फोन. "काल रात्री काहीच झालं नाही रे."

पुढचे तीन आठवडे काय झालं ते क्रमाने सांगतो, कारण यातलं काही ना काही तुमच्यावर कधीतरी येणारच आहे.

पहिली भानगड फोल्डरची. स्क्रिप्टमध्ये मी बटणांच्या चित्रांचा पत्ता अर्धवट दिला होता, म्हणजे 'इथल्या चित्रे नावाच्या फोल्डरात बघ'. एडिटरमध्ये 'इथे' म्हणजे माझा प्रोजेक्ट, कारण एडिटर तो फोल्डर उघडूनच बसलेला असतो. टास्क शेड्युलरला 'कुठून सुरू करायचं' हे सांगितलं नाही तर त्याचं 'इथे' म्हणजे विंडोजचं सिस्टम३२ फोल्डर. तिथे माझी चित्रं कुठून असणार? आणि हे मला कळलं नाही, कारण कुठलीही चूक आली तर 'बटण दिसलं नाही' असं लिहून पुढे जा, असं मीच लिहून ठेवलं होतं. फाईल नाही आणि बटण नाही या दोन वेगळ्या गोष्टी मी एका पोत्यात भरल्या होत्या. पत्ता पूर्ण दिला, प्रश्न सुटला.

दुसरी भानगड अधिकारांची. पॅकेजच्या आयकॉनवर कोणीतरी कधीतरी 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' अशी टिक करून ठेवलेली. मी रविवारी लायब्ररी टाकताना एडिटरही तसाच उघडला होता, त्यामुळे माझी स्क्रिप्ट आणि पॅकेज एकाच पायरीवर. शेड्युलरने मात्र स्क्रिप्ट साध्या युजरच्या अधिकारात चालवली. विंडोज व्हिस्टापासून नियम असा की खालच्या अधिकाराचा प्रोग्रॅम वरच्या अधिकाराच्या खिडकीत क्लिक किंवा की पाठवू शकत नाही. नियम चांगलाच आहे, नाहीतर कुठलाही व्हायरस आपल्या वतीने 'हो' दाबत सुटला असता. पण गंमत अशी की अडवलं हे पाठवणाऱ्याला सांगितलंच जात नाही. क्लिक पाठवला, फंक्शन म्हणालं झालं, आणि समोर काहीच झालं नाही. सरकारी कचेरीत अर्ज दिल्यासारखं!

तिसरी भानगड काळ्या खिडकीची. दादाला म्हटलं, रात्रीची वाट नको बघूस, फाईलवर डबलक्लिक करून बघ. त्याने केलं. पायथनची काळी खिडकी उघडली ती नेमकी पॅकेजच्या 'सेव्ह' बटणावर. बटण झाकलं गेल्यावर चित्र सापडणार कसं? एडिटरमध्ये असताना ती खिडकी एडिटरच्या पोटातच होती आणि एडिटर मी खाली सरकवून ठेवायचो. सिकुलीचा एडिटर तर स्क्रिप्ट सुरू करताना स्वतःच बाजूला होतो. फार सज्जन वागणं, पण त्यामुळे बाहेरच्या जगात बाजूला व्हायला कोणी नसतं हे आपल्याला कळतच नाही.

चौथी भानगड सगळ्यात भारी. मुंबईहून रिमोट डेस्कटॉपने जोडून बघायला लागलो. जोडलं की स्क्रिप्ट चालायची. मी खिडकी मिनिमाइझ करून दुसरं काम करायला घेतलं की बंद. पूर्ण तोडलं तरी बंद. पुन्हा जोडलं, बघत बसलो, तर व्यवस्थित. दोन रात्री मला खरंच वाटलं की आपल्याला वेड लागतंय.

कारण साधं होतं. ताई सातला निघायच्या, दहा मिनिटांनी पीसी लॉक व्हायचा. लॉक झालेल्या पीसीवर बघायला डेस्कटॉपच नसतो, तिथे फक्त कुलूप असतं. मी रिमोटने पासवर्ड टाकून आत शिरलो की कुलूप उघडायचं, स्क्रीन जिवंत व्हायची. मिनिमाइझ केलं की विंडोज म्हणणार, बघणारं कोणी नाही, मग चित्र काढायचं कशाला? शेड्युलरमध्ये 'युजर लॉगिन असो वा नसो, चालवा' असा एक पर्याय आहे, तो भाबडेपणाने निवडला तर आणखी वाईट. मग स्क्रिप्ट अशा सेशनमध्ये चालते जिथे दिसणारा डेस्कटॉप कधी नसतोच. डोळ्यांनी काम करणाऱ्या प्रोग्रॅमला आपण अंधाऱ्या खोलीत कोंडतो आणि वर विचारतो, दिसत का नाही म्हणून.

(शिवाय माझ्या लॅपटॉपचं स्केलिंग १२५ टक्के, ऑफिसच्या पीसीचं १००. रिमोटवर असताना एक-दोन बटणांची चित्रं नव्याने काढली, ती ऑफिसच्या स्क्रीनवर जुळेनात. चित्र पाव पटीने मोठं झालं की या लायब्ररीच्या दृष्टीने ते वेगळंच बटण.)

मी काय केलं? आपोआप लॉक होणं बंद केलं. माऊस स्क्रीनच्या कोपऱ्यात नेला की स्क्रिप्ट थांबते अशी एक सुरक्षेची सोय पायऑटोगुईत असते. लॉक असताना ती मधेच उगाच थांबवतेय असं वाटलं म्हणून तीही एका ओळीत बंद करून टाकली. त्या रात्री सगळ्या नोंदी आत गेल्या. हुश्श!

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, ठीक आहे, शिकला पोरगा. मलाही तसंच वाटलं होतं. हे चार प्रश्न म्हणजे नुसती करमणूक होती, कारण चारही वेळा स्क्रिप्टने काहीच केलं नव्हतं. आणि काहीच न करणारा प्रोग्रॅम निरुपद्रवी असतो.

आता कॅलेंडर बघा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. मी स्क्रिप्ट लिहिली जुलैत. होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही, चाचणीसाठी मी जुन्याच वीस पावत्या वापरल्या. ऑगस्ट लागला, होड्या निघाल्या, नारळी पौर्णिमेनंतर तर झुंबड. रोजच्या नोंदी सव्वाशेच्या वर गेल्या.

मग एक दिवस एक नाखवा ऑफिसात येऊन उभा राहिला. त्याच्या खात्यावर अशा दिवसाचा बर्फ लागला होता ज्या दिवशी त्याची होडी इंजिन खोलून किनाऱ्याला पडलेली. "मी बर्फ नेलाच नाय, तर पैसे कसले?" दादाने पावत्या काढल्या. पावतीवर बरोबर, एक्सेलमध्ये बरोबर, पॅकेजमध्ये चूक. मग शोधाशोध केल्यावर अशा अकरा नोंदी सापडल्या. उधारीच्या धंद्यात अकरा चुकीच्या नोंदी म्हणजे अकरा भांडणं. आणि त्याहून वाईट म्हणजे बाकीच्या सगळ्या नोंदींवरचा विश्वास गेला.

दादाने मला फोन केला. मी काय म्हणालो असेन?

"दादा, माझ्यासमोर तर बरोबर चालत होतं. स्क्रिप्ट चालू असताना ताईंनी माऊसला हात लावला असणार."

बघा, मी खोटं बोललो नव्हतो. माझ्यासमोर चालतच होतं. आणि माऊसला हात लागला तर असं होऊ शकतं हेही खरंच. पण मला पुरावा काहीही नव्हता. ताई सातला घरी जातात हे मला माहीत होतं, फक्त त्या क्षणी आठवलं नाही. किंवा आठवून घेतलं नाही. मुंबईचा इंजिनियर भाऊ म्हणतोय म्हटल्यावर दादाने ते ताईंना ऐकवलं. त्या एवढंच म्हणाल्या की मी हात लावलेला नाही. नऊ वर्षं त्या तिथे आहेत. त्या नऊ वर्षांत अकरा चुका एकदम कधी झाल्या नव्हत्या हे दादालाही ठाऊक होतं, पण 'कॉम्प्युटर चुकत नाही' या वाक्याचा दबदबा अजून आहे आपल्याकडे.

मी शनिवारी गेलो. स्क्रिप्ट उघडून बसलो, एकेक ओळ चालवून बघितली. सगळं बरोबर! पुन्हा बघितली. बरोबर! तेवढ्यात ताईंनी माझ्यासमोर एक वही ठेवली. रोज सकाळी त्या आदल्या रात्रीच्या नोंदी पावत्यांशी पडताळून वहीत टिक करायच्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, सवय होती. म्हणाल्या, "सर, एक बघा. जी रक्कम चुकून लागलीय ना, ती नेहमी पुढच्या पावतीची आहे. आणि साडेनऊच्या आधीच्या नोंदींत एकही चूक नाही."

संपलं. तिथेच बग सापडला होता, मी फक्त त्याला तांत्रिक नाव दिलं. स्क्रिप्ट होडीचं नाव टाईप करण्याआधी होड्यांची यादी उघडायची आणि दोन सेकंद थांबायची. साडेनऊला पीसीवर बॅकअप सुरू व्हायचा, पॅकेज मंदावायचं, यादी कधीकधी तीन-चार सेकंदांनी उघडायची. तोवर टाईप केलेलं नाव हवेत विरून जायचं, आधीच्या होडीचं खातं तसंच निवडलेलं राहायचं, आणि पुढच्या पावतीची रक्कम त्याच्यावर. जुलैत वीस नोंदी नऊ-दहा मिनिटांत संपायच्या, साडेनऊ उजाडायचेच नाहीत. आणि एडिटरमध्ये मी एकेक ओळ चालवत होतो, म्हणजे प्रत्येक ओळीमागे माझ्या बोटाचा वेळ पॅकेजला फुकट मिळत होता. मी सुटी शोधायला बसलो की चूक पळून जाणारच होती. ती माझ्या बघण्यानेच बरी होत होती!

ताईंची माफी मागितली. दादासमोर मागितली, कारण आरोप त्याच्यामार्फत गेला होता. त्या म्हणाल्या, "असू दे हो." पण ते 'असू दे' कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

आता माझं मत, ज्यासाठी हे सगळं पाल्हाळ.

एडिटर ही तटस्थ जागा नाही. आपण समजतो की एडिटर म्हणजे पाटी आणि पेन्सिल. प्रत्यक्षात तो यजमान आहे. तो आपल्या प्रोग्रॅमला फोल्डर देतो, अधिकार देतो, काळी खिडकी पोटात घेतो, वेळ देतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे स्क्रीनसमोर एक जागा माणूस बसवून देतो, स्वतः आपल्याला. यातलं काहीच कोडमध्ये लिहिलेलं नसतं. म्हणून 'एडिटरमध्ये चालतं' याचा अर्थ 'प्रोग्रॅम बरोबर आहे' असा होत नाही. त्याचा अर्थ 'प्रोग्रॅम अधिक माझं घर बरोबर आहे' एवढाच. बाहेर पाठवताना घर मागे राहतं.

अलिबागला गेलात तर समुद्रात कुलाबा किल्ला बघून परत येता. तिथेच एक चुंबकीय वेधशाळाही आहे, तिच्याकडे कोणी फिरकत नाही. तिची गोष्ट आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. मुंबईच्या कुलाब्याला वेधशाळा १८२६ पासूनची, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी तिथे १८४१ पासून. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने कुलाब्याच्या नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडणार हे उघड होतं. त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाय मूस, या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी जागा शोधली ती खाडीपलीकडे अलिबागला, आणि १९०४ मध्ये तिथे नवी वेधशाळा सुरू झाली. इमारतीला दगडसुद्धा पोरबंदरहून आणलेला, चुंबकीय गुण नसलेला. विजेच्या ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावल्या.

मला यातली सर्वांत थोर गोष्ट वाटते ती वेगळीच. एप्रिल १९०४ पासून मार्च १९०६ पर्यंत, दोन वर्षं, कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. का? जागा बदलली की आकडे बदलणार. त्यातला किती फरक पृथ्वीचा आणि किती जागेचा हे कळलं नाही तर आधीच्या साठ वर्षांच्या नोंदी पुढच्या नोंदींना जोडताच येणार नाहीत. मुंबईत चालणारं यंत्र अलिबागलाही तसंच चालेल असं त्यांनी गृहीत धरलं नाही. ट्राम येण्याआधीच दोन्ही शेजारी शेजारी चालवून बघितलं.

आणि आम्ही? एका रविवारी वीस पावत्या आत गेल्या की पापलेट!

दुसरी गोष्ट समुद्रापलीकडची आणि जास्त भीषण. थेराक-२५ नावाचं रेडिएशन देणारं मशीन होतं. १९८५ ते १९८७ मध्ये त्याच्यामुळे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा बसला, काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर गावी १९८६ मध्ये असे दोन अपघात झाले. पहिल्यानंतर कंपनीच्या लोकांना तपासून काही सापडलं नाही. त्यांच्यासमोर मशीन नीट चालत होतं. शेवटी रुग्णालयातल्या भौतिकतज्ज्ञाने आणि मशीन चालवणाऱ्या ऑपरेटर बाईंनी मिळून ती चूक पुन्हा घडवून दाखवली. रोजच्या सवयीने त्या झटपट टाईप करून दुरुस्ती करायच्या, तेवढ्या वेगात केलं तरच चूक यायची. सावकाश तपासणाऱ्याला ती दिसणं शक्यच नव्हतं. थोडक्यात, चुकीची किल्ली रोज काम करणाऱ्याच्या हातात होती. माझ्या बाबतीत ती ताईंच्या वहीत होती. मी तीन आठवडे विचारलंच नाही.

आता कोणीतरी म्हणेल की मुळात स्क्रीनवर क्लिक करत बसणं हाच अडाणीपणा आहे, पॅकेज बदला, नीट डेटा आयात करा. अगदी मान्य. पण दादाचं पॅकेज बदलायचं म्हणजे वर्षानुवर्षांच्या उधाऱ्या हलवायच्या आणि नाखव्यांना नवा कागद वाचायला शिकवायचा. किनाऱ्यावरच्या, खरं तर देशभरातल्या लहान धंद्यांना पुढचं दार हाच एक रस्ता असतो. तो वापरायचा तर वापरा, पण चालताना खाली बघून चाला.

म्हणजे काय? मी आता जे करतो ते सांगतो. स्क्रिप्ट सुरू झाल्याबरोबर आधी स्वतःची परिस्थिती फाईलमध्ये लिहिते: कुठल्या फोल्डरात आहे, कुठला युजर, अधिकार काय, स्क्रीन केवढी, स्केलिंग किती. एडिटरमधून एकदा आणि बाहेरून एकदा चालवायचं आणि दोन फाईली शेजारी ठेवायच्या. पहिल्या तीन भानगडी मला दहा मिनिटांत दिसल्या असत्या. दुसरं, 'दोन सेकंद थांब' हे वाक्य कोडमधून हद्दपार. यादी दिसेपर्यंत थांब, एका मर्यादेत नाहीच दिसली तर सगळंच थांबव आणि ओरड. तिसरं, सेव्ह करण्याआधी स्क्रीनवरचं नाव परत वाचून पावतीशी जुळव. शेवटी नोंदींची संख्या आणि एकूण रक्कम एक्सेलशी जुळव. चौथं, कोपऱ्यात माऊस नेला की थांबण्याची सोय मी परत चालू केली. ती बंद करणं म्हणजे गाडीचा ब्रेक आवाज करतो म्हणून काढून टाकणं होतं.

आणि पाचवं, रात्री नऊचं शेड्युल काढून टाकलं, पीसीचं कुलूपही परत लावलं. आता ताई सहाला स्वतः बटण दाबतात आणि चहा घेत बघत बसतात. साधारण तासाभरात काम होतं आणि एस.टी. मिळते. तुम्ही म्हणाल मग ऑटोमेशन कसलं? माणूस बसलाच ना? बसला. पण टाईप करायला नाही, बघायला बसला. गेल्या आठवड्यात स्क्रिप्ट मधेच थांबली तेव्हा त्यांनीच फोन करून सांगितलं, "सर, होडीचं नाव बदललंय, यादीत जुनंच आहे." मला लॉग उघडावा लागला नाही. लक्ष ठेवणारा माणूस एडिटरमध्ये चालतो तर बाहेर का नको? आपण स्वतःला ती चैन देतो आणि वापरणाऱ्याला मात्र 'आता तुझी गरज नाही' असं सांगून येतो. चूक झाली की पुन्हा त्याचाच हात दिसतो आपल्याला.

ओहोटीला कुलाबा किल्ल्यात पायी जाऊन आलेला माणूस शपथेवर सांगू शकतो की किल्ल्यात चालत जाता येतं. तो खोटं बोलत नसतो. त्याने फक्त भरती बघितलेली नसते. अलिबागचं शेंबडं पोरही पाण्यात पाय टाकण्याआधी भरतीची वेळ विचारतं. आपण इंजिनियर लोक विचारत नाही.

असो. पुढच्या वेळी 'माझ्यासमोर तर चालत होतं' हे वाक्य तोंडाशी आलं तर मी ते गिळणार आहे, आणि त्याऐवजी विचारणार आहे, "तुमच्यासमोर काय झालं?" उत्तर देणारा बहुतेक वेळा वही घेऊन तयारच असतो.

पुढच्या शनिवारी भेटू. दादाने सुरमई पाठवलीय, आणि या वेळी पावती ताईंनी हाताने लिहिलीय!